तुळाजी भोयाची रिकामी सांगड

बसा, जरा जवळ सरकून बसा. गंगेवर पूल नव्हता त्या काळातली ही हकीकत आहे. गोदावरीला आमच्याकडे सगळे गंगाच म्हणतात आणि तिच्या काठच्या मुलखाला गंगाथडी. त्या गंगाथडीत कासारथडी नावाचं गाव, आणि त्या गावात तुळाजी भोई नावाचा माणूस होऊन गेला. माझ्या आजोबांनी त्याला पाहिलं नव्हतं. त्यांच्या आजोबांनी पाहिलं होतं, असं म्हणतात.

तेव्हा नदी ओलांडायची तर सांगडीनं. एक लाकडी बाज घ्यायची आणि तिच्या चारी अंगांना वाळलेले मोठाले भोपळे जाळ्यात घालून बांधायचे, झाली सांगड. भोपळे पाण्यावर तरंगतात, भोपळ्यांवर बाज तरंगते, बाजेवर माणूस बसतो. सांगड नेणारा भोई मात्र वर बसत नाही. तो पाण्यात असतो. दोर खांद्यावर घेऊन तो पोहत राहतो आणि मागून सांगड येते. पावसाळ्यात गंगा भरली की चार महिने दुसरा रस्ता नसे.

तुळाजीसारखा पोहणारा साऱ्या थडीत नव्हता. पाण्याचा रंग बघून त्याला खोली कळे, असं म्हणतात. बोलणं कमी. बायको बाळंतपणात गेलेली, मूलबाळ नाही. धाकटा भाऊ गेनू आणि गेनूचा संसार, तेच त्याचं घर. माणूस वाईट नव्हता. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकून तुम्ही त्याला वाईट म्हणाल.

गावाच्या वेशीबाहेर, नदीच्या अंगाला एक वस्ती होती. तिथली दहा-बारा घरं ख्रिस्ती झाली होती. मातीच्या भिंती आणि वर पाचट घालून त्यांनी प्रार्थनेचं घर उभं केलं होतं. गावानं त्या माणसांना आधी कधी शिवून घेतलं नव्हतं आणि धर्म बदलल्यावरही घेतलं नाही. गावची सांगड त्यांच्यासाठी नव्हती. उन्हाळ्यात ते नदीच्या उथळातून चालत पलीकडे जात आणि पावसाळ्यात अलीकडेच राहत.

त्या वस्तीत रिबकाबाई राहत होती. नवरा पटकीत गेलेला, पदरी सात वर्षांचा शमुवेल. त्याला सगळे शमू म्हणत. रिबकाबाई वाचायला शिकली होती. गावोगाव फिरून ती बायकांना शास्त्रातल्या, म्हणजे बायबलातल्या, गोष्टी सांगे आणि कुणाकडे बाळंतपण अडलं तर तिथंही जाऊन बसे.

एका श्रावणात शमूचा घसा धरला. आधी ताप, मग गिळता येईना, मग श्वासाला घरघर लागली. पलीकडच्या गावात एका मडमेचा दवाखाना होता. रिबकाबाईनं पोराला उचललं आणि ती धावत नदीवर आली. तुळाजी काठावर बाजेचे दोर आवळत बसला होता. ती दहा पावलं लांब उभी राहिली, जशी तिची आई आणि आजी उभी राहत आली होती तशी.

ती म्हणाली, “तुळाजीदादा, मी वर बसत नाही. मी मागून भोपळ्याला धरून येईन. पोराला तेवढं वर घे.”

तुळाजीनं पोराकडे पाहिलं. मग मागं वळून पाहिलं. वडाच्या पारावर गावातली चार माणसं बसली होती आणि ती त्याच्याकडेच बघत होती.

“पाणी चढलंय,” तुळाजी म्हणाला. “आज सांगड जायची नाही.”

पाणी चढलेलं नव्हतं. पण तुळाजीनं सांगितलं म्हणजे ते खरंच असणार, असं रिबकाबाईला वाटलं. पाणी उतरायची वाट बघत ती पोराला मांडीवर घेऊन बाभळीखाली बसली. दुपारी पाटलाच्या घरचे पाहुणे आले, त्यांना परत जायचं होतं. तुळाजीनं त्यांना सांगडीवर बसवलं आणि पलीकडे नेऊन सोडलं. रिबकाबाई ते बघत होती. तो परत येईपर्यंत शमूची घरघर थांबली होती.

तिनं पदरानं पोराचं तोंड पुसलं, त्याला खांद्यावर घेतलं आणि वस्तीकडे चालू लागली.

त्या दिवसापासून तुळाजीला घास उतरेना. गेनू त्याला म्हणाला की तू केलंस ते बरोबरच केलंस, सगळं गाव तेच म्हणतंय. तसं म्हटलं की त्याला जास्तच लागे. पाण्यात उतरला की ‘पोराला तेवढं वर घे’ एवढंच त्याच्या कानात वाजत राही. तेव्हापासून त्याला पाण्याचा रंग दिसेनासा झाला, असं म्हणतात. नदी नुसती पाण्यासारखी दिसे, खोली सांगत नसे.

चौदाव्या दिवशी तो उठला आणि वस्तीवर गेला. त्याच्या घराण्यातलं कुणी तिथं कधी पाऊल टाकलं नव्हतं. रिबकाबाईच्या अंगणात उभा राहून तो एकच वाक्य बोलला.

“पाणी चढलेलं नव्हतं.”

तिला ते ठाऊक होतंच. पाहुणे पलीकडे जाताना तिनं पाहिले होते. पण त्याच्या तोंडून ऐकल्यावर ती आत गेली आणि तिनं दार लावून घेतलं. तुळाजी अंगणात बसला. तीन दिवस तो तिथंच बसून होता. ऊन आलं, पाऊस आला. वस्तीतल्या माणसांनी त्याला जायला सांगितलं, एकानं दगडही मारला, पण तो हलला नाही. आत चूल पेटली नाही की कसला आवाज आला नाही. घरात बाई जिवंत आहे की नाही, अशी शेजाऱ्यांना काळजी लागली.

तिसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं. रिबकाबाईचे ओठ सुकले होते आणि डोळे खोल गेले होते. उंबऱ्याला टेकून ती बोलली. वस्तीनं तिचे शब्द जपून ठेवलेत, म्हणून मला ते सांगता येतात.

“तुला माफ करायची ताकद माझ्यात नव्हती. आजही नाही. तीन दिवस मी देवाशी भांडले. त्याला म्हटलं, माझं पोर गेलं आणि वर माफीही मीच द्यायची का? मग मला आठवलं, पोर त्याचंही गेलं होतं. माणसांनीच मारलं होतं, आणि त्यानं माणसांना टाकलं नाही. मलाही टाकलं नाही. जे मला फुकट मिळालं तेच तुला देते, तुळाजी. माझ्या पदरचं यात काही नाही. ऊठ. भाकरी टाकते, खाऊन जा.”

तुळाजीनं तिथं भाकरी खाल्ली. तो घरी पोचायच्या आत बातमी गावात पोचली होती. गेनूनं त्याची वाकळ आणि त्याची सांगड दाराबाहेर काढून ठेवली. गावानं नवी सांगड बांधून गेनूच्या हवाली केली. भावानं भावाशी बोलणं सोडलं.

नदीच्या वळणावर तुळाजीनं खोपट घातलं. रविवारी तो प्रार्थनेच्या घराच्या दाराशी येऊन उभा राही आणि आतलं ऐकत राही. वर्षभरानं त्यानं बाप्तिस्मा मागितला. वस्तीच्या म्हाताऱ्या उपदेशकानं नदीतच त्याला बाप्तिस्मा दिला, नाव मात्र तुळाजीच ठेवलं. आता हा वस्तीचा झाला, असं तुम्हाला वाटेल. तसं झालं नाही. तो चटईवर बसला की त्याच्या दोन्ही बाजूंना हातभर जागा रिकामी राही. त्याला कुणी वाईट बोलत नसे, पण त्याच्या शेजारी बसत नसे. लेकुरवाळ्या बाया त्याला बघून पोरं जवळ ओढून घेत. गाव त्याचं राहिलं नव्हतं आणि वस्ती त्याची झाली नव्हती.

आणि त्याच्या सांगडीवर कुणी पाय ठेवेना. गावातले गेनूच्या सांगडीनं जात. वस्तीतल्यांना तुळाजी स्वतः सांगून आला होता की ज्याला जायचं असेल त्यानं हाक मारावी, मी नेईन. एकानंही हाक मारली नाही. रिबकाबाईनं तर त्याला समोर बसवून सांगितलं, “माफी दिली ती खरी दिली. पण त्या बाजेवर माझा पाय पडत नाही. एवढं माझ्यानं होत नाही.”

“नका येऊ, अक्का,” तो म्हणाला.

मग तो रोज सकाळी रिकामी सांगड पलीकडे नेऊ लागला. दोर खांद्यावर घ्यायचा, पाण्यात उतरायचं, पलीकडच्या वाळूत जाऊन उभं राहायचं, सूर्य कासराभर वर येईपर्यंत थांबायचं आणि रिकामी सांगड घेऊन परत यायचं. लोक हसत. उपदेशकानं त्याला एकदा विचारलं की हे कशासाठी? तुळाजी म्हणाला, “कुणी हाक मारली आणि मी जाग्यावर नसलो तर?”

पण मनात त्याच्या वेगळंच होतं, आणि ते पुढं त्यानं रिबकाबाईला सांगितलं. अंगाला पाणी झोंबेल, हात भरून येतील, तेवढा आपला गुन्हा झिजत जाईल, असं त्याला वाटे. तो स्वतःला शिक्षा देत होता. तीन वर्षं गेली, पाच गेली, सात गेली. गुन्हा झिजला नाही. पावसाळ्यात आठ-आठ दिवस कुणाशी बोलणं होत नसे. आपला आवाज अजून आहे की गेला हे बघायला तो स्वतःचंच नाव मोठ्यानं घेई, असं म्हणतात.

त्याच वर्षी, मार्गशीर्षातल्या एका सकाळी, पाण्यावर धुकं असताना, तो नेहमीसारखा निघाला. निम्म्या पाण्यात दोर खांद्यात रुतला. भोपळा फुटला असेल म्हणून त्यानं हात मागं नेऊन चाचपलं. भोपळे चारी अंगांचे धड होते. पण बाज चार बोटं खाली गेली होती, वर माणूस बसल्यावर जाते तेवढी. तुळाजीनं जन्मभर माणसं नेली होती. ओझं कशाचं आहे हे त्याच्या खांद्याला कळत होतं. त्यानं मागं वळून पाहिलं नाही, असं म्हणतात. तो पोहत राहिला. बाज पलीकडच्या वाळूला लागली, हलकेच एका बाजूला कलली आणि वर आली, कुणी उतरल्यावर येते तशी.

पलीकडे धुणं धुणाऱ्या बायांनी त्या दिवशी तुळाजीला हसताना ऐकलं. तो पाण्यात उभा राहून एकटाच हसत होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. सात वर्षांत त्याला हसताना कुणी ऐकलं नव्हतं.

पुढं रोजच असं होऊ लागलं. जाताना बाज चार बोटं खाली आणि येताना वर. धुणाऱ्या बाया ते बघत आणि घरी जाऊन सांगत. कुणी म्हणे शमू असेल, त्याचं पलीकडे जायचं राहून गेलं होतं ना. कुणी म्हणे शमू नव्हे, प्रत्यक्ष प्रभू येशूच येऊन बसतो, कारण जिथं कुणी बसत नाही तिथं बसायची त्याला सवय आहे. रिबकाबाईनंही एकदा विचारलं, “कोण असतं रे?”

तुळाजी म्हणाला, “मी विचारलं नाही, अक्का. माझ्या सांगडीवर कुणीतरी बसतं. मला तेवढं पुरतं. आता मी शिक्षा म्हणून जात नाही. सकाळ कधी होते आणि मी पाण्यात कधी उतरतो, असं होतं मला.”

तो गाऊ लागला. गळा काही चांगला नव्हता. प्रार्थनेच्या घरात ऐकलेली भजनं अर्धीमुर्धी त्याच्या ध्यानात होती, तीच तो पोहताना म्हणे आणि विसरलेल्या जागी नुसता सूर धरी. म्हणून त्याचं एकटेपण सरलं असं मात्र समजू नका. संध्याकाळी तो एकटाच भाकरी भाजे आणि एकटाच खाई. चटईवर त्याच्या दोन्ही बाजूंची जागा रिकामीच होती. देवाचा आनंद त्याला मिळाला होता, माणसांचा अजून मिळाला नव्हता.

आणखी दोन वर्षांनी, भाद्रपदात, गंगेला मोठा पूर आला. झाडं मुळासकट वाहत आली. त्याच दिवसांत गेनूची सून हौसा अडली. दोन दिवस झाले, मूल आडवं होतं, सुइणीनं हात टेकले. सुइणीनंच रिबकाबाईला बोलावून घेतलं, आणि जिवाचा प्रश्न होता म्हणून गेनूच्या घरानं तिला आत येऊ दिलं. रिबकाबाईनं पोट चाचपलं आणि सांगितलं की हिला पलीकडे दवाखान्यात न्यायलाच हवं, तासाभरात न्यायला हवं.

गेनू नदीवर गेला. त्यानं पाणी पाहिलं, दोर खांद्यावर घेतला, दोनदा गुडघाभर पाण्यात शिरला आणि दोनदा मागं फिरला. मग दोर टाकून मटकन खाली बसला. “पाणी चढलंय,” तो म्हणाला. या वेळी ते खरंच चढलेलं होतं. भावाला हाक मारायला त्याचं तोंड उघडेना.

रिबकाबाईच वळणावर गेली. “तुळाजी, सांगड काढ,” ती म्हणाली. कुणासाठी, हे त्यानं विचारलं नाही.

हौसाला बाजेवर निजवलं. तिला धरून बसायला कुणीतरी हवं होतं. सुईण मागं सरली. हौसाची सासू पाणी बघून रडायलाच लागली. रिबकाबाई बाजेजवळ उभी होती. तिनं पाय उचलला आणि तो तसाच अधांतरी राहिला. तुळाजी पाण्यात उभा होता, पण त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. नऊ वर्षं त्यानं तिला एकदाही ये म्हटलं नव्हतं, तेव्हाही म्हटलं नाही. मग रिबकाबाईनं डोळे मिटले, काहीतरी पुटपुटली आणि पाय बाजेवर ठेवला. बसून तिनं हौसाचं डोकं मांडीवर घेतलं.

निम्म्या पाण्यात एक चिंचेचं झाड वाहत आलं, थेट त्यांच्या अंगावर. काठावरचे लोक ओरडले. आता बाज भिंगरीसारखी फिरणार, असं सगळ्यांना वाटलं. पण बाज चार बोटं आणखी खाली गेली आणि पाण्यात रोवल्यासारखी थिर झाली. झाड घासून निघून गेलं. रिबकाबाई पुढं मरेपर्यंत सांगत असे, “माझ्या शेजारी वीतभर जागा नव्हती. तरी कुणीतरी दाटीनं येऊन बसलं होतं. माझ्या खांद्याला खांदा लागत होता.”

ते पोचले. दिवस मावळायच्या आत हौसाला मुलगी झाली, आणि दोघी जगल्या.

पूर उतरल्यावर गेनू वळणावर आला. खोपटाच्या दाराशी बसला आणि म्हणाला, “दादा, घरी चल.” तुळाजी गेला, नातीला मांडीवर घेतलं, पोटभर जेवला आणि परत खोपटात आला. भावानं फार धरलं, पण त्याचं म्हणणं एकच होतं, कुणी हाक मारली तर? त्यानंतर त्याच्या सांगडीवर माणसं बसू लागली, गावातली आणि वस्तीतली. सगळी नाही. पारावरची दोन म्हातारी माणसं त्या सांगडीवर न बसताच मेली. पण दर गुरुवारी बाजारच्या दिवशी रिबकाबाई बसे आणि तो चुकीचे शब्द गाई आणि ती दुरुस्त करून देई.

रिबकाबाई आधी गेली. तुळाजी मागं पुष्कळ वर्षं राहिला, पार म्हातारा होईपर्यंत. त्याला नेता येत नव्हतं तरी सकाळी तो पाण्याशी येऊन बसे.

पुनरुत्थानाच्या सणानंतरचा, म्हणजे ईस्टरनंतरचा, सोमवार होता. चैत्रातलं पाणी, संथ. पलीकडच्या बायांना सांगड येताना दिसली. पाण्यात कुणी नव्हतं. दोर मागं सैल तरंगत होता. बाज मात्र सरळ येत होती, कुणी ओढून आणावी तशी, आणि ती येऊन अलगद वाळूला लागली. बाजेवर तुळाजी निजला होता. जन्मभर त्यानं साऱ्यांना वर बसवलं आणि स्वतः पाण्यात राहिला, तो त्या दिवशी वर होता. त्याचं धोतर कोरडं होतं. डोक्याचे केस कोरडे होते. चेहरा असा होता की बायांना आधी तो मेलाय हेच कळलं नाही. त्याला कुणी आणलं? काठावर कुणी नव्हतं. वाळूत फक्त पाण्यातून वर आलेली ओली पावलं होती आणि ती थोडं चालून संपली होती, असं म्हणतात.

आता तिथं पूल आहे. पुलावरून एसटी जाते, ट्रॅक्टर जातात. सांगड कुणाला लागत नाही. पण कासारथडीत अजूनही कुंपणावर भोपळ्याचे वेल चढवतात आणि चांगले चार भोपळे वाळायला ठेवतात. पुनरुत्थानाच्या सणानंतरच्या सोमवारी गाव आणि वस्ती मिळून एक सांगड बांधतात आणि ती पलीकडे नेतात. तिच्यावर बसायला पाटील नसतो, चर्चचा पाळक नसतो, आमदार नसतो. त्या वर्षी ज्याच्याशी गावात कुणी बोलत नाही, त्याला बसवतात. चार जण त्याच्या दारात जाऊन म्हणतात, “चल, पलीकडं जायचंय.” त्यानं काय केलं होतं हे विचारायचं नाही, असा रिवाज आहे. दुसरा रिवाज असा की बसलेल्यानं पाण्याला हात लावायचा नाही. नेणाऱ्यांनी न्यायचं, त्यानं नुसतं बसायचं. तसं बसणं फार अवघड जातं.

एका वर्षी मी बसलो होतो. काय केलं होतं ते तुम्हीही विचारू नका. निम्म्या पाण्यात मला राहवेना. चार माणसं माझ्यासाठी दमतायत आणि मी वर बसलोय, हे मला सोसेना. मी हात पाण्यात घालणार एवढ्यात दोर ओढणाऱ्यांतला एक जण बोलला. त्याच्याशी मी सहा वर्षं बोललो नव्हतो. मागं वळून न बघताच तो म्हणाला, “गप बस. पोचतोय आपण.”